प्राणबाबा आणि तासाभराचा पंप

सकाळचे नऊ वाजले नव्हते, तोवर धक्क्यावर मेलेल्या बॅटऱ्यांची रांग लागली होती. कुणी हातगाडीवर घालून आणली होती, कुणी बाळाच्या ढकलगाडीत, तर कुणी दोघांत मिळून दोरीला लटकवून. बोटींवर राहणारे होतेच, पण पलीकडच्या माळावर चाकांवरची घरं लावून राहणारेही आले होते. एका बाईने तर बॅटरीला शाल गुंडाळली होती. आजारी सासऱ्यांना दवाखान्यात आणावं तशी ती तिला सांभाळून आणत होती.

रांगेच्या टोकाला एक निळी घरगाडी उभी होती आणि तिच्या पायरीवर पांढऱ्या झग्यात प्राणबाबा बसला होता.

"हिला मेली कोण म्हणालं?" त्याने शालवाल्या बाईला विचारलं.

"समोरची दुकानवाली म्हणाली, बाबा. आता नवीनच घ्या म्हणाली."

"दुकानवाल्यांना मेलेलीच आवडते, माई. मेली की नवी खपते!"

रांग खदखदून हसली. बाबाने मीटरच्या दोन तारा बॅटरीला टेकवल्या. काटा मान टाकून पडलेला. मग त्याने तांब्याच्या सुरईतून चमचा-चमचा 'अमृत' घेऊन बॅटरीच्या सहाही तोंडांत ओतलं आणि डोळे मिटून सुरू केलं, "विश्वातला प्राण ऋण टोकातून शिरतो, सहा घरांत नांदतो, धन टोकातून हसतो! जिला श्रद्धा आहे तिची बॅटरी कधी मरत नाही!"

बॅटरी गाडीच्या पडद्याआड 'मौनात' गेली. तास-दीड तासाने बाहेर आली तेव्हा काटा ताठ उभा होता आणि तारांना लावलेला छोटा दिवा लख्ख पेटला. शालवाल्या बाईच्या डोळ्यांना धार लागली. लोक आ वासून बघत राहिले.

रस्त्याच्या पलीकडे आपल्या दुकानाच्या दारात ताई उभी होती. तिचा नुसता जळफळाट होत होता.

सगळा धक्का तिला ताईच म्हणे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. दुकान तिच्या वडिलांचं, अण्णांचं. ही गोष्ट ज्या काळातली, तेव्हा बॅटऱ्यांना टोपणं असत आणि टोपण उघडून आत बघता येई. ताईकडे कुणी बॅटरी घ्यायला आलं की ती आधी पाटी पुढे ओढायची. रात्री दिवे किती? पंखा किती तास? फ्रिज आहे? तळातलं पाणी उपसणारा पंप किती वेळ चालतो? सगळ्याची बेरीज करायची आणि तिची दुप्पट करायची. "जेवढं लागतं त्याच्या दुप्पट ताकदीची घ्या. अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नका, म्हणजे वर्षानुवर्षं साथ देईल. आणि ट्रकची घेऊ नका. ट्रकची बॅटरी एक झटका मारून मोकळी होते. तुम्हाला रात्रभर ओझं वाहणारी हवी, आतून जाड पत्र्यांची." लोक ऐकायचे, जांभई दाबायचे. बाबा मात्र कुणाला काही विचारत नव्हता. त्याच्याकडे जांभई कुणाला येत नव्हती.

गिऱ्हाईक गेल्याचं दुःख होतंच. पण ताईचा डोळा खिळला होता तो बाबाच्या शेजारी बसून चमचा पुढे करणाऱ्या बाईवर. ती तिची सख्खी धाकटी बहीण होती.

धाकटीचा नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. धाकटी आणि तिची सहा वर्षांची चिमणी, दोघी धक्क्याच्या पाचव्या खुंटाला बांधलेल्या बोटीत राहत. ताईच्या दुकानात धाकटी कधी दहा मिनिटं टेकली नव्हती. "आम्लाचा वास सहन होत नाही बाई," म्हणायची. आणि आता तीच धाकटी त्या भोंदूपुढे हात जोडून, नाकाला पदरही न लावता, सकाळपासून बसून होती. अण्णांनी थोरलीला काम दिलं होतं आणि धाकटीला कडेवर घेतलं होतं. कडेवर बसलेलं पोर पुढे कुणाच्याही कडेवर जातं, असं ताईच्या मनात आलं आणि त्या विचाराची तिला स्वतःलाच लाज वाटली.

लाज वाटली म्हणून ती थांबली मात्र नाही. हायड्रोमीटर उचलून तरातरा रस्ता ओलांडून गेली. हायड्रोमीटर म्हणजे रबरी फुगा लावलेली काचेची नळी. बॅटरीतलं पाणी ओढून घ्यायचं, की आतली काडी तरंगते. ॲसिड दाट असेल तर काडी वर येते, पातळ असेल तर बुडते.

"थांबा!" ताई म्हणाली. "मी मोजते."

"मोजा की," बाबा गोड हसला.

ताईने मौनातून बाहेर आलेल्या बॅटरीचं टोपण काढून फुगा दाबला, सोडला. काडी सर्रकन वर आली. इतकी वर, की 'पूर्ण भरलेली' दाखवणारी हिरवी रेघसुद्धा खाली राहिली.

रांगेत हशा पिकला. "दुकानवालीचं यंत्रपण बाबांचं भक्त झालं!" कुणीतरी ओरडलं. धाकटीही हसली, तोंडावर हात ठेवून. ते हसू ताईला बाकीच्या सगळ्या हशापेक्षा जास्त लागलं.

दुकानात परत येऊन ती स्टुलावर बसली. नळी अजून हातातच होती. खरंच या माणसाला काही येत असेल तर? तीस वर्षं आपण जे मेलं म्हणून फेकलं, ते उठवता येत होतं? तसं असेल तर त्याच्या पायाशी बसून शिकावं, असंही एकदा वाटून गेलं. मत्सर असा असतो. समोरच्याचं खोटं ठरावं असं वाटतं, आणि खरं असेल तर ते आपल्याला मिळावं असंही वाटतं.

मग ती काडीकडे पुन्हा बघू लागली. हिरव्या रेघेच्या वर? कारखान्यातून आलेली नवी कोरी बॅटरी रेघेपाशी थांबते. म्हातारा दवाखान्यातून बरा होऊन चालत घरी आला, तर आनंद आहे. पण तो जन्मला होता त्याहून तरुण होऊन आला म्हणाल, तर कागदपत्रांत काहीतरी घोळ आहे! ही काडी वर चढली होती, कारण कुणीतरी आत जादा ॲसिड ओतलं होतं. आणि मग तिला धाकटीची चमचा धरलेली बाही आठवली. बाहीला कसर लागावी तशी बारीक भोकं पडली होती. अण्णांच्या सगळ्या सदऱ्यांना तशीच भोकं असत.

दुपारी ती धाकटीच्या बोटीवर गेली. पायऱ्या उतरताच तिला आधी गुदमरल्यासारखं झालं. मग नजर गेली ती झोपायच्या फळीखालच्या खोक्याकडे. तिथे बॅटरी होती, धक्क्याच्या विजेवर भरायला लावलेली, जाड कांबळ्यात घट्ट गुंडाळलेली. खोक्यातून बाहेर हवा जायची नळी अण्णांनी स्वतः बसवली होती. तिच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. फळीवर चिमणीची उशी होती. आणि फळीपासून हातभर अंतरावर शेगडी.

"बस ताई, चहा ठेवते," धाकटीने काड्यापेटी उचलली.

ताईने तिचं मनगट धरलं. "काडी ओढू नकोस. आधी तो बोळा काढ."

"बाबा म्हणाले, एक्केचाळीस दिवस झाकून ठेव. प्राण बाहेर गेला तर बॅटरी परत मरेल."

"अगं, प्राण नाही तो! बॅटरी भरताना उकळते आणि तिच्यातून हायड्रोजन निघतो. त्याला ना रंग ना वास, तुला जो वास येतोय तो नुसता इशारा आहे. कोंडला आणि ठिणगी पडली तर फळी, उशी, सगळं..."

"झालं तुझं?" धाकटीचा आवाज चढला. "तू जळतेस, ताई! तुझं दुकान ओस पडलं म्हणून जळतेस. सगळा धक्का म्हणतोय."

"हो, जळते!" ताई ओरडली. "जळते म्हणून काय बोळा खोटा झाला का?"

"अण्णांनी तुला हातात विद्या दिली. मला काय दिलं? गोळ्या-चॉकलेटं! 'तू लांब बस, तुझे कपडे खराब होतील.' एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातात चमचा दिला, म्हणाला, तू कर. ते तुला बघवत नाही."

ताईने तिचं मनगट सोडलं. कडेवरच्या पोरालाही खाली उतरून काम करायचं होतं, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "ठीक आहे," ती हळू आवाजात म्हणाली, "निदान आजचा दिवस चिमणीला माझ्याकडे झोपव. आणि शेगडी वर डेकवर ने."

"चिमणीला ने. शेगडीचं बघते," धाकटी पाठ फिरवून म्हणाली.

या धक्क्यावर एक जुनी रीत होती. वादळी महिने सुरू होण्याआधी प्रत्येक बोटीने आपली बॅटरी वर आणायची आणि धक्क्याचा मोठा पंप तिच्यावर तासभर चालवून दाखवायचा. मुकादम घड्याळ घेऊन खुर्चीत बसे. तासाआधी पंप थांबला तर बोटीला धक्का सोडायची परवानगी नाही. भर समुद्रात बोटीत पाणी शिरलं तर माणूस वाचतो तो त्या तासावर. पण यंदा मुकादमाची स्वतःचीच बॅटरी बाबाने 'उठवली' होती. "काटा ताठ दिसतोय ना? मग पंप कशाला?" असं म्हणून तो काटा बघूनच बोटी पास करत होता. सगळ्या धक्क्याची चूक ती हीच. काटा बघायला एक क्षण पुरतो आणि पंपाला तास लागतो, म्हणून त्यांनी तास सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई रांगेसमोर उभी राहिली. "मुकादम, बाबांच्या एका बॅटरीवर पंप लावा. तासभर चालला तर मी दुकानाला कुलूप लावते."

बाबाने डोळे मिटले. "सिद्ध प्राणाची परीक्षा घेत नसतात. परीक्षा म्हणजे संशय, आणि संशय म्हणजे गळती."

लोकांनी माना डोलावल्या. ताईचं म्हणणं तिथेच विरलं असतं, पण धाकटी उठून उभी राहिली.

"नाही बाबा, करूनच दाखवा! एकदाच. हिचं तोंड कायमचं बंद होऊ दे. माझीच बॅटरी लावा."

बाबाचा चेहरा पडला. तो वर आकाशाकडे बघत राहिला, पण आकाशातून काही सोय झाली नाही. भक्तीने मागितलेली परीक्षा टाळायची तरी कशी? दोघा जणांनी जाऊन धाकटीच्या बोटीतून कांबळ्यासकट बॅटरी आणली. ताई मनातल्या मनात म्हणाली, चला, एवढ्याने तरी ती फळीखालून निघाली.

पंप पाण्यात सोडला. मुकादमाने घड्याळ काढलं. पाण्याची जाड धार उसळली आणि रांगेने टाळ्या पिटल्या. दुसऱ्या मिनिटाला धार बारीक झाली. चौथ्या मिनिटाला पंप कण्हू लागला. सातव्या मिनिटाला त्याने एक उचकी दिली आणि तो थांबला.

"संशय!" बाबा गरजला. "एवढा संशय एका जागी जमला की प्राण पळणारच!"

"असेल," ताई म्हणाली. "पण अमृताला तर कशाची भीती नसेल ना?" तिने घरून खाण्याच्या सोड्याचा डबा आणला होता. बशीत चिमूटभर सोडा टाकला आणि धाकटीकडे बघितलं. "चमचा तुझ्या हातात आहे. तूच ओत."

धाकटीने ओतलं. बशी फसफसून वर आली, फेस काठावरून सांडला.

"ॲसिड आहे हे. तुझ्या बाहीला भोकं त्यानेच पडलीत."

"पण ॲसिड तर बॅटरीत असतंच की," मुकादम म्हणाला. शंका रास्त होती.

"असतं. पण ते संपत नाही, मुकादम. बॅटरी वापरली की ते पत्र्यांवर जाऊन बसतं, भरली की परत पाण्यात येतं. रिकामी तशीच ठेवली की पत्र्यांवर पांढरी कडक खपली धरते. ती खपली म्हणजेच मरण. त्यावर वरून नवं ॲसिड ओतणं म्हणजे थकलेल्या घोड्याला तिखट चारणं. काटा उठतो, काडी उठते, छोटा दिवाही लागतो. घोडा मात्र चार पावलं टाकून बसतो, आणि आतला पत्रा आणखी लवकर झिजतो. नळीने मोजून मीही फसलेच की काल! फसत नाही तो फक्त पंप."

"आणि ते मौन?" शालवाली बाई म्हणाली.

"पडद्याआड कान देऊन बघा. मौन गुणगुणतंय."

सगळे गप्प झाले. गाडीतून चार्जरची घरघर स्वच्छ ऐकू आली.

"ही माझी वैरीण आहे!" बाबा ओरडला. "धंद्यावर जळणारी! थांबा, ताज्या प्राणाची बॅटरी आणतो." तो आत गेला आणि चार्जरवरून नुकतीच काढलेली, कांबळ्यात गच्च गुंडाळलेली बॅटरी घेऊन आला. जड होती, कांबळ्यातून डोकावणारा रंगही ताजा होता. ताईने नखाने रंग खरवडला. खाली ट्रकचं चित्र निघालं. ओझं वाहणारीच्या नावाखाली झटका मारणारी!

पण ताईने त्यावर वेळ घालवला नाही. तिने कनवटीची काड्यापेटी काढून बाबापुढे धरली.

"बाबा, कांबळ्यात प्राणच कोंडलाय ना? मग कांबळं बाजूला न करता इथे एक काडी ओढून दाखवा. मी लोकांना घेऊन लांब उभी राहते."

बाबा तीन पावलं मागे सरला. ताईने पेटी आणखी पुढे केली.

"वेडी झालीस का?" तो किंचाळला. "स्फोट होईल!"

ताईने पेटी उघडून सगळ्यांना दाखवली. ती रिकामी होती.

धाकटी बाबासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "माझी शेगडी हातभर लांब आहे, हे मी सांगितलं होतं तुम्हाला. चिमणी बॅटरीच्या वरच झोपते, हेही सांगितलं होतं. झाकून ठेव म्हणालात, कारण उघडी ठेवली असती तर बॅटरी उकळताना मला दिसली असती."

"माई, श्रद्धा..."

"माई म्हणू नका मला!"

ती पळत बोटीवर गेली. हातात चिंध्यांचा बोळा घेऊन परत आली, आणि तो तिने बाबाच्या पायाशी टाकला. बाबाने गाडीकडे धाव घेतली, पण पायरीवर मुकादम आधीच जाऊन बसला होता, आणि पोलीस येईपर्यंत तो काही उठणार नव्हता.

लोक आता ताईभोवती जमले. "आम्हाला ठाऊकच होतं," असं म्हणणारेही निघाले. ते नेहमीच निघतात. ताईचा ऊर भरून आला होता. इतक्या दिवसांची जळजळ शांत होत होती. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आता तुझी लाव."

"काय?"

"तू विकलेली बॅटरी लाव पंपाला. सगळ्यांसमोर. त्याची लावली, तशीच तुझीही."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण हिच्या पोरीचा जीव वाचवला, आणि ही आपल्यालाच त्या भोंदूच्या पंक्तीला बसवते! पण काय बोलणार? तिनेच तर सांगितलं होतं की फसत नाही तो फक्त पंप.

शेजारच्या बोटीवरच्या शीड शिवणाऱ्या मामांची बॅटरी आणली. ताईने दोन वर्षांपूर्वी विकलेली. पंप सुरू झाला. दहा मिनिटं, वीस, चाळीस. धार तशीच होती. धाकटी मुकादमाचं घड्याळ घेऊन उकिडवी बसली होती, डोळ्याची पापणी हलवत नव्हती. बावन्नाव्या मिनिटाला धार बारीक झाली. पंचावन्नाव्या मिनिटाला पंप थांबला.

लोकांत कुजबुज झाली. पायरीजवळून बाबाचा आवाज आला, "बघा! बघा!"

तिने डोळ्यांवर चष्मा चढवला, हातमोजे घातले, एकेक टोपण उघडलं. पत्रे उघडे पडले होते, पाण्याच्या वर आले होते.

"मामा, पाणी कधी घातलं होतंत?"

"पाणी घालायचं असतं?" मामा गोंधळले. "तू सांगितलं असशील गं ताई. पण तू इतकं भराभर सांगतेस, मला काय कळतंय!"

मामांवर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. तिने एक श्वास घेतला.

"पंचावन्न मिनिटं," ती मोठ्याने म्हणाली. "नापास. चूक माझी. मी सांगितलं, पण दाखवलं नाही. आता बघा. साधं नळाचं पाणी नाही, डिस्टिल्ड. बॅटरी आधी चार्जरवर भरायची, मग वरून पाणी. पत्रे बुडून वर बोटाचं पेर राहील इतकंच. पण आत्तासारखे पत्रे उघडे पडले असतील तर आधी ते जेमतेम बुडतील एवढं घालायचं आणि मगच चार्जरला लावायचं. ॲसिड कधीच नाही. महिन्यातून एकदा बघायचं. टोकांवर पांढरी बुरशी आली तर सोड्याच्या पाण्याने पुसायची. आणि हवेची नळी उघडी, कायम उघडी. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय टोपणाला हात लावायचा नाही."

तिने पाण्याची बाटली उचलली आणि क्षणभर थांबली. मग चष्मा काढून धाकटीच्या डोळ्यांवर चढवला, हातमोजे तिच्या पुढे केले.

"तू ओत. मी बघते."

"कपडे खराब होतील," धाकटी म्हणाली.

"होऊ देत."

धाकटीने वाकून पहिल्या तोंडात धार धरली. एक थेंबही बाहेर सांडला नाही. शालवाली बाई पुढे आली. "ताई, मग आता आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा? तुमच्यावर?"

"माझ्यावर तर मुळीच नको," ताई म्हणाली. "मी त्याच्यावर जळत होते, हे सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे. जळणाऱ्या माणसाचं ऐकू नका, गोड बोलणाऱ्याचंही ऐकू नका. कुणी काहीही सांगो, त्याला म्हणा, पंप लावा आणि तासभर थांबा. तासभर थांबायला जो तयार नसेल, त्याच्या हातात आपलं घर देऊ नका."

"भरली गं सहाही," धाकटी मान वर न करता म्हणाली. "आता चार्जरला लावू? की आधी टोपणं?"